40 पाने हातात धरायची असतील तर

सावंतवाडीला मी गेले ती एका कामासाठी. किनाऱ्यावरच्या एका पर्यटक निवासाच्या मालकांना भोजनगृहाच्या भिंतीसाठी 'गंजिफासारखी', म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या गोल पत्त्यांसारखी चित्रे हवी होती. गेली अनेक वर्षे मी टॅबलेटवरच चित्रे काढते, त्यामुळे असे काम आले की त्याची पद्धत ठरलेली असते. इंटरनेटवरून भरपूर नमुने गोळा करायचे, त्यांतले रंग टिपून घ्यायचे, रेघेची जाडी ठरवायची, आणि आठवड्याभरात ती शैली आपल्या हातात बसली असे समजून पुढे जायचे. या वेळी मालकांनी जागा पाहायला बोलावले होते आणि सावंतवाडी वाटेवरच होती, म्हणून एक मुक्काम तिथे करायचे ठरवले.

श्रावणातला कोकण रेल्वेचा प्रवास किती सुंदर असतो हे इतक्या जणांनी लिहून ठेवले आहे की मी त्यात भर घालणार नाही. खिडकीची काच धुक्याने भरलेली होती आणि समोरच्या कुटुंबाने रत्नागिरीपर्यंत मोबाइलवर मोठ्या आवाजात मालिका पाहिली, एवढेच मला आठवते. सावंतवाडी रोड हे स्थानक गावात नसून मळगावला आहे, हे मात्र प्रत्येक प्रवाशाला आधी कोणीतरी सांगायला हवे, कारण पावसात सामान घेऊन रिक्षावाल्याशी घासाघीस करण्याइतके बळ त्या वेळी कोणातच उरलेले नसते.

मोती तलावाकाठी एक फेरी झाली, चितार आळीतल्या दुकानांत मांडलेली लाकडी आंबे, केळी, सीताफळे पाहून झाली, आणि मग मी राजवाड्यातल्या गंजिफाच्या कामाच्या दालनात गेले. पुढचे सगळे लिहायचे कारण ते दालन आहे.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफात 120 पाने असतात. दहा अवतारांचे दहा रंग, म्हणजे पत्त्यांचे दहा गट, प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने. मोगली प्रकारात 96 आणि नवग्रहांच्या प्रकारात 108. राजेरजवाड्यांचा हा खेळ छापील पत्ते आल्यावर मागे पडला, आणि सावंतवाडीत तर तो पुरता विझण्याच्या बेतात असताना 1970च्या दशकात तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिराकडून ही विद्या शिकून घेऊन राजवाड्यातच कारागिरांना काम सुरू करून दिले. आज आपण तिथे जाऊन कोणाला तरी पान रंगवताना पाहू शकतो, ते या एका निर्णयामुळे. कलेच्या पुनरुज्जीवनाची भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. त्यांत एका कारागिराकडे जाऊन बसण्याची ही साधी गोष्ट क्वचितच असते.

खिडकीजवळ एक पन्नाशीच्या बाई मत्स्यावताराची पाने रंगवत होत्या. समोर सात-आठ गोल पाने ओळीने मांडलेली होती आणि प्रत्येकावर वेगवेगळ्या संख्येने मासे यायचे होते. मी डोक्यात आधीच हिशेब मांडला होता: दहा मासे म्हणजे एक मासा नीट काढायचा आणि त्याच्या नऊ प्रती करून वर्तुळात फिरवायच्या. माझ्या टॅबलेटवर हे काम मिनिटभराचे आहे, आणि त्यासाठी एक वेगळे साधनच असते. काकींनी एकही मासा पूर्ण केला नाही. त्यांनी सगळ्या पानांवर आधी माशांची फक्त अंगे घेतली, प्रत्येक अंग कुंचल्याच्या एका दाबात. तोवर पहिल्या पानावरचा रंग सुकला होता, म्हणून त्या परत पहिल्याकडे आल्या आणि शेपट्या घेतल्या. मग तिसऱ्या फेरीत कल्ल्यांचे ठिपके. मासा असा कोणत्याच क्षणी सुटा काढला जात नव्हता, सगळ्या पानांवरचे सगळे मासे मिळून हळूहळू तयार होत होते.

त्यांनी एक बाद झालेले पान माझ्यापुढे सरकवून मलाही कुंचला दिला. कडेची गोल रेघ ओढताना माझे मनगट वळत होते आणि रेघ जाडबारीक होत होती. काकींनी वर न बघताच सांगितले, "हात कित्याक फिरवतंस गो? पान फिरव." त्यांचा स्वतःचा हात खरोखरच जागेवर होता. करंगळी टेकलेली, कुंचला उभा, आणि डाव्या हाताच्या बोटांखाली पान सावकाश फिरत होते. पान गोल असल्याने त्याला वर-खाली अशी बाजूच नाही, त्यामुळे फिरवायला अडचण कसली? गंजिफाच्या किनारी इतक्या एकसारख्या कशा, याचे उत्तर मी इतकी वर्षे कुंचल्याच्या जाडीत शोधत होते, आणि ते डाव्या हातात होते.

पान तयार कसे होते हे मी खोदून विचारले आणि त्यांनी कंटाळा न करता सांगितले. चिंचोके भिजवून, टरफले काढून, वाटून त्यांची खळ शिजवतात. त्या खळीने कागदाचे थर एकमेकांवर बसवतात, गोल कापतात, पांढरी जमीन, म्हणजे चित्राखालचा रंग, देऊन घोटतात, मग खेळाच्या रंगाची जमीन, मग आकृत्यांचे रंग, त्यानंतर काळी रेघ, आणि शेवटी लाखेचा थर, ज्यामुळे पान टणक होते आणि घामट हातांनी खेळले तरी रंग उतरत नाही. श्रावणातल्या दमट हवेत खळ लवकर वाळत नाही, म्हणून त्या दिवसांत घाई करणाऱ्याचे काम वाया जाते, असेही त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाहून जरा हसल्या.

या क्रमात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती रेघेची जागा. टॅबलेटवर आम्ही उलटे करतो. आधी रेघ, आणि तिच्याखालच्या लेअरवर नंतर रंग भरायचा, तोही असा की रेघेबाहेर एक ठिपका जाणार नाही. इथे रंगाचा डाग आधी पडतो आणि त्याला आकार देण्याचे काम शेवटची रेघ करते, म्हणून ती कधी डागाच्या किंचित आत राहते, कधी बाहेर जाते, आणि आकृती जिवंत वाटते. आमच्या धंद्यात या गोष्टीला 'हस्तकलेचा परिणाम' असे नाव देऊन तिची नक्कल विकली जाते. रंग रेघेपासून मुद्दाम दोन ठिपके सरकवायचा आणि वर कागदाचा खरखरीत पोत पसरायचा. असा एक ब्रशसंच मीही विकत घेतलेला आहे. हाताच्या कामातल्या 'सुंदर चुका' असा जो शब्दप्रयोग हल्ली सगळीकडे ऐकू येतो, त्याचा मला त्या दालनात मनापासून राग आला, कारण काकींच्या कामात चूक अशी कोणतीच नव्हती. होता तो फक्त कामाचा क्रम, आणि रेघेचे सरकणे त्या क्रमातून आपोआप येत होते.

याच सुमारास पर्यटकांचा एक मोठा घोळका ओल्या छत्र्या घेऊन आत शिरला. दोघांनी काकींच्या खांद्यावरून वाकून फोटो काढले, एकाने 'जरा हसा' असेही सुचवले, आणि एका गृहस्थांनी हाताने रंगवलेल्या पूर्ण संचाची किंमत ऐकून विचारले की यात छापील नाही का, दिसायला तर तेच दिसेल. काकी शांतपणे किमतीचा फरक सांगत राहिल्या. मला तिथे जाणाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे की घोळक्यात जाऊ नका. पण हे सांगताना मला हेही ठाऊक आहे की आणखी तासाभराने निवासमालकांसाठी मी स्वतः तिथले फोटो काढणारच होते.

घोळका गेल्यावर मी त्यांना विचारले की प्रत्येक अवताराची जमीन वेगळ्या रंगाची का असते, आणि सगळा संच एकाच सुंदर रंगात का करत नाहीत. हा प्रश्न माझा नव्हता, मालकांचा होता. त्यांना भिंतीला जुळणारा निळा रंग हवा होता. काकींनी उत्तर न देता कपाटातून एक जुना, खेळून गुळगुळीत झालेला संच काढला, त्यातली मूठभर पाने उचलली आणि डाव्या हातात पंख्यासारखी पसरली. गोल पानांचा पंखा पसरला की प्रत्येक पानाची फक्त एक चंद्रकोर दिसते. अवताराचा चेहरा दिसत नाही, मासे किती तेही दिसत नाही. दिसतो तो कडेचा रंग. तिघांचा डाव मांडला तर 120 पैकी प्रत्येकाच्या वाट्याला 40 पाने येतात. ती 40 पाने हातात धरून कूर्म कुठे संपला आणि वराह कुठे सुरू झाला हे क्षणात कळायचे असेल, तर जमिनीचा रंग वेगळा असण्याला पर्याय नाही. त्यातच अर्ध्या रंगांत दहाचे पान मोठे आणि उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा, दिवसा डाव सुरू झाला तर रामाच्या राजाने उतारी करायची आणि रात्री कृष्णाच्या, असले नियम सांभाळायचे. अशा खेळात शोभेसाठी रंग निवडायला कोणाला सवड होती?

मी त्या संचाकडे कितीतरी वेळ बघत बसले. नमुने गोळा करताना मी प्रत्येक पान सुटे, समोरून, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पाहिले होते. पंख्यात धरलेले एकही पान मला इंटरनेटवर आढळले नव्हते, निदान मी ते शोधले नव्हते. ज्याला आम्ही शैली म्हणून उचलतो ती सगळी कोणत्या ना कोणत्या गरजेची उत्तरे आहेत, आणि गरज मागे ठेवून उत्तर तेवढे आणले की मग ते निळे करा, हिरवे करा, कोणाचेच काही बिघडत नाही.

रात्री उतरले होते त्या घरी श्रावण पाळत होते, त्यामुळे मासे मिळणार नव्हते. मिळाली ती फागलांची भाजी, अळूचे फतफते, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. कोकणात येऊन मासे न मिळाल्याची तक्रार करणाऱ्यांना त्या घरी पाठवावे असे माझे मत आहे. घरच्या आजींनी मात्र 'कॉम्प्युटरवर चित्र काढतंस म्हणजे काढता कोण, तू की तो?' असे विचारून माझी झोप उडवली.

दुसऱ्या दिवशी कुडाळजवळच्या पिंगुळीला गेले. ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत गाऊन गोष्ट सांगण्याची कला, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या यांचे हे गाव. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यात या कलांचे संग्रहालय उभे केले, आणि 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्यातल्या केळकर संग्रहालयात मी पूर्वी चित्रकथीची जुनी चित्रे काचेआड पाहिली होती, आणि त्यांतल्या मोठाल्या डोळ्यांच्या, बाजूने दाखवलेल्या आकृती मला फार 'आधुनिक' वाटल्या होत्या. पिंगुळीत एका कलाकाराने पोथीतले एक चित्र मांडीशी उभे धरले, वीणेवर सूर धरला आणि रामायणातला प्रसंग गायला सुरुवात केली. मी मुद्दाम उठून सगळ्यात मागे, दाराशी जाऊन उभी राहिले. बाहेर पाऊस, आत जेमतेम उजेड, आणि तरीही रावण कुठला आणि कोण कोणाकडे पाहतो आहे हे मला तिथून स्पष्ट दिसत होते. ही चित्रे देवळात, दिव्याच्या उजेडात, जमिनीवर बसलेल्या माणसांना दाखवायची असत. डोळे मोठे नसते तर मागच्यांना नजर कळली नसती. चित्रात मजकूर नाही, कारण सांगणारा शेजारीच बसलेला आहे. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, कारण गाणे न थांबवता पुढचा प्रसंग वळवून दाखवायचा असतो. छायाबाहुल्यांची गोष्टही तीच. पातळ चामड्याला पाडलेली भोके दागिने म्हणून सुंदर दिसतात हे खरे, पण पडद्यामागून दिवा लावल्याशिवाय ती कशासाठी आहेत हे समजत नाही. मला तिथल्या मुलाने पणतीऐवजी मोबाइलचा टॉर्च धरून दाखवले, आणि तेवढ्यानेही भिंतीवर हनुमानाचा मुकुट लखलखला.

त्यानंतरचे दिवस किनाऱ्यावर, मालकांच्या निवासात आणि पावसात गेले. समुद्र राखाडी होता, खोलीतल्या चादरी वाळत नव्हत्या, आणि सांगण्यासारखे काही घडले नाही.

घरी परतल्यावर मी ते काम नव्या क्रमाने केले. टॅबलेटवर एकच लेअर ठेवला, आधी जमीन, मग रंगाचे डाग, शेवटी रेघ, आणि मासे प्रत्येकी वेगळे, फेरीफेरीने काढले. वेळ जवळपास तिप्पट लागला. दहाही अवतारांच्या जमिनी वेगळ्या ठेवल्या आणि भिंतीवरची मांडणी सुट्या पानांची न करता पसरलेल्या पंख्याची केली, म्हणजे तो रंगांचा फरक कशासाठी आहे हे जेवायला बसलेल्या माणसाला न सांगताही दिसेल. सोबत एक पत्र लिहून सुचवले की मूळ भिंत सावंतवाडीच्या कारागिरांकडूनच रंगवून घ्यावी, आणि मी फक्त आराखडा द्यावा. मालकांचे उत्तर नम्र होते. चित्रे आवडली, परंतु रंग फार झाले आहेत, सगळी पाने खुर्च्यांच्या गाद्यांना जुळणाऱ्या निळ्या जमिनीवर करून मिळतील का, असे त्यांनी विचारले. त्यासाठी मला एक बटण दाबावे लागले असते. मी नकार कळवला, आणि ते काम आता दुसऱ्या कोणाकडे गेले आहे.