फेलिक्स आणि धेनू

"फेल? कसलं मेलं नाव! पोरगं पास व्हायला नको का?"

ताईचे दिवस भरत आलेत. ती स्टुटगार्टला, आई इथे, आणि रोज रात्री व्हिडिओ कॉलवर नावांचा खल. तिच्या मोठ्या मुलाच्या बालवाडीत दोन फेलिक्स आहेत. जर्मनीत गेली बरीच वर्षं या नावाची चलती आहे, म्हणून भावोजींनी तेच सुचवलं. मोठ्याच्या नावात 'ज्ञ' आहे, तो तिकडे कुणाच्या जिभेवर बसत नाही, त्यामुळे ते पोळलेले आहेत. आईने मात्र पहिली दोन अक्षरं ऐकली आणि निकाल लावून टाकला.

तिची समजूत घालायला म्हणून मी त्या शब्दाच्या मागे लागले. लॅटिनमध्ये फेलिक्स म्हणजे नशीबवान, सुखी, एवढं ठाऊक होतं. पण मुळात त्याचा अर्थ फळणारं, पिकणारं. थोरला केटो हा जुना रोमन लेखक फळ देणाऱ्या झाडांना 'फेलिक्स' म्हणे, न देणाऱ्यांना 'इन्फेलिक्स'. गुन्हेगाराला लटकवायचं तेही अशाच अभागी झाडाला. म्हणजे आपलं 'फळ' आणि हा फेलिक्स भाऊभाऊ, असं वाटून मी खूश झाले, पण ते नुसतं ध्वनिसाम्य निघालं. खरी सोयरीक आहे धेनूशी! दूध पिणे, पाजणे अशा अर्थाचा एक फार जुना धातू आहे. संस्कृतात त्याची धेनू झाली, धात्री झाली. लॅटिनमध्ये त्यातूनच फेमिना म्हणजे बाई, फिलिउस म्हणजे मुलगा आणि हा फेलिक्स. या भाग्याला लॉटरीचा नाही, दुधाचा वास आहे. 'घराचं गोकुळ होऊ दे' म्हणताना आपल्याला जे भाग्य अभिप्रेत असतं, ते हे.

अशा दुधाळ नावाला मिरवलं कुणी, तर सुल्ला या रोमन हुकूमशहाने. इ.स.पू. ८२ मध्ये यादवी जिंकल्यावर त्याने 'फेलिक्स' हे बिरुदच घेतलं. त्याच सुमारास तो विरोधकांच्या नावांच्या याद्या चौकात लावत होता, यादीतल्याला मारेल त्याला इनाम. आपल्याकडे पोर जगावं म्हणून त्याला धोंडू, दगडू म्हणायचे, दैवाची नजर चुकवायची. या गड्याने दैवाच्या नाकासमोर पाटी लावली. आणि दैवानेही त्याचं काही वाकडं केलं नाही! सत्ता सोडून घरी बसला आणि इ.स.पू. ७८ मध्ये अंथरुणातच गेला.

तेच नाव रोमन लोक गुलामांनाही सर्रास ठेवत. विकत घेतलेल्या माणसाला 'नशीबवान' म्हणून हाक मारायची, ही थट्टा की शुभशकुन, देव जाणे. बायबलमधला सुभेदार फेलिक्स हा असाच गुलामीतून सुटून मोठ्या पदाला पोचलेला. यहुदिया हा त्याचा सुभा. त्याच्यापुढे पौल या ख्रिस्ती धर्मप्रचारकाचा खटला आला. याने निकाल द्यायचा सोडून 'सवड झाली की बोलावतो' म्हणत त्याला दोन वर्षं कैदेत ठेवलं, कारण पौलाकडून पैसे सुटतील अशी आशा होती. हे वाचताना मला रोम किंवा यहुदिया नव्हे, एक ओळखीची कचेरी आठवली.

माणसांचं जाऊ द्या, देशालाही हे नाव होतं. येमेनच्या सुपीक मुलखाला रोमन लोक 'अरेबिया फेलिक्स' म्हणत. त्या भाग्यवान भूमीच्या शोधात १७६१ मध्ये कोपनहेगनहून सहा जण निघाले. दोघे तिथेच दगावले, दोघे मुंबईच्या वाटेवर समुद्रात, पाचवा मुंबईत. उरला एकटा कार्स्टन नीबूर. त्याने आपल्या घारापुरीला जाऊन लेण्यांची चित्रं काढली आणि १७६७ मध्ये एकटाच घरी परतला. सहांपैकी खरा फेलिक्स तोच, पण त्याला त्याचं किती सुख वाटलं असेल?

आईला हे सगळं सांगायची सोय नव्हती. बाळंतपणाच्या तोंडावर दगावणाऱ्यांच्या गोष्टी कोण सांगणार? तिला मी आधी वसई दाखवली. तिथले आर्चबिशप फेलिक्स मच्याडो २००९ पासून २०२४ पर्यंत गादीवर होते, वसईचेच, घरात मराठी. म्हणजे नाव अगदीच परकं नाही. त्यावर ती "हं" म्हणाली. तिच्या 'हं'चे अर्थ लॅटिनपेक्षा कठीण असतात. मग मी धेनूचं सांगितलं, दूध, गोकुळ, सगळं.

ती बराच वेळ भेंडी चिरत राहिली.

"मग सरळ गोपाळ ठेवा की," म्हणाली, आणि ताईला फोन लावून विचारू लागली, तिकडे पाळणा भाड्याने मिळतो का.