तुम्ही विचारलंत म्हणून: श्रीलंकेची पाच पदकं

पॅरालिंपिकचा विषय निघाला की मी हटकून श्रीलंकेवर येतो, आणि मग ठरलेला प्रश्न येतो: "अहो, एवढासा देश, ऑलिंपिकमध्ये कुठे नाव ऐकू येत नाही, मग तिकडे यांना पदकं मिळतात कशी?"

आधी हिशेब बघा. ऑलिंपिकमध्ये त्यांची आजवर दोन पदकं. १९४८ ला, देशाचं नाव अजून सिलोन होतं तेव्हा, डंकन व्हाइटचं ४०० मीटर अडथळा शर्यतीतलं रौप्य. दुसरं २००० सालचं, सुसंतिका जयसिंगेचं २०० मीटरमधलं कांस्य. पहिल्या आलेल्या अमेरिकेच्या मेरियन जोन्सचं पदक उत्तेजकांपायी काढून घेतल्यावर त्याचं रौप्य झालं. सुवर्ण एकही नाही. पॅरालिंपिकमध्ये मात्र २०१२ ते २०२४ या काळात पाच. लंडनला प्रदीप संजयचं ४०० मीटरमधलं कांस्य, रिओला दिनेश प्रियंथा हेराथचं भालाफेकीतलं कांस्य, टोकियोत हेराथचं सुवर्ण आणि दुलान कोडिथुवाक्कूचं कांस्य, पॅरिसला पुन्हा दुलानचं रौप्य. पाचांतली चार भाल्याची!

उत्तर एका शब्दात सांगायचं तर लष्कर. तिघेही फौजी. १९८३ पासून २००९ पर्यंत चाललेल्या यादवीच्या अखेरच्या टप्प्यात संजय आणि हेराथ दोघांचेही हात जायबंदी झाले. अशी शेकडो तरणीताठी पोरं फौजेच्या पदरात होती. शरीर आधीच कमावलेलं, पगार चालू, मैदान आणि प्रशिक्षक हाताशी. फौज स्वतःच्या पॅरा स्पर्धा भरवते, त्यातून माणसं वर येतात. आणि भालाच का? शर्यतीची व्हीलचेअर घ्यायची तर लाखांत खेळ जातो. भाल्याला भाला आणि धावपट्टी मिळाली की सुरुवात होते.

पण सोपं म्हणून नका. हेराथचा एफ-४६ हा गट एका हातात दोष असलेल्यांचा. भाला फेकणाऱ्याचा मोकळा हात कधी नीट बघा. तो आधी पुढे ताणलेला असतो आणि फेकीच्या क्षणी झटक्यात छातीशी येतो; त्यानेच धड वळतं, त्यानेच तोल राहतो. हेराथचा नेमका तोच हात अधू. तरी टोकियोत त्याने ६७.७९ मीटर टाकला. त्या दिवशी आपल्या देवेंद्र झाझरियाने ६४.३५ मीटरची फेक करून स्वतःचाच जुना विश्वविक्रम मागे टाकला होता, आणि तरी तो दुसरा आला. मी अर्थातच देवेंद्रच्या बाजूने होतो. हेराथची फेक पडली तेव्हा तोंडातून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिसरा सुंदरसिंग गुर्जर. म्हणजे तिन्ही पदकं आपल्या शेजारापाजारातच. त्याच दिवशी, ३० ऑगस्ट २०२१ ला, पायात दोष असलेल्यांच्या एफ-६४ गटात आपल्या सुमित अंतिलला सुवर्ण, दुलानला कांस्य. मध्ये काय तो एक ऑस्ट्रेलियाचा खेळाडू.

दुलानच्या रौप्याचा घोळही बऱ्याच जणांना कळत नाही. पॅरिसला त्याने ६७.०३ मीटर टाकला. हा त्याच्या एफ-४४ गटातला विश्वविक्रम, तरी पदक रौप्य. कारण स्पर्धा एकत्र होते: एफ-६४ मधले सुमितसारखे खेळाडू कृत्रिम पाय लावून फेकतात, एफ-४४ मधले त्याशिवाय. सुमितची फेक ७०.५९. अंतर मोजताना गट बघत नाहीत.

हा रस्ता आपल्यालाही नवा नाही. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर ईएमईचे, म्हणजे लष्कराच्या यंत्रं-वाहनं दुरुस्त करणाऱ्या विभागाचे, जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि १९७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण त्यांनी आणलं. फरक इतकाच की आपल्याकडे ते एकटे निघाले. श्रीलंकेच्या फौजेने त्याची पद्धत बसवली.

आता मला खटकतं ते. भूसुरुंग काही गणवेश बघून फुटत नाहीत. उत्तरेत हातपाय गेलेले सामान्य तमिळ नागरिकही कमी नाहीत. जाफन्यात जयपूर फूट बसवून देणारं केंद्र उगाच चालत नाही. पण पदकांच्या यादीत जाफना नाही, मुल्लैतिवू नाही, एकही बाई नाही. फौजेच्या फाटकातून आत गेलेल्यांचीच ही यादी आहे. त्यामुळे कुणी "छोट्या देशाची जिद्द" वगैरे म्हणायला लागलं की मी जरा गप्प होतो. जिद्द आहेच हो, पण ती फाटकाबाहेरही असणार ना?

शिवाय युद्धात जखमी झालेली पिढी आता चाळिशीला टेकली आहे, तशी नवी पिढी तयार व्हावी असं कुणी म्हणणार नाही. दुलानची इजा युद्धातली नाही, रस्त्यावरच्या अपघातातली आहे. तो फौजेत होता म्हणून त्याला मैदान मिळालं. अपघात झालेल्या एखाद्या रिक्षावाल्याला ते मिळतं का, यावर पुढची पदकं अवलंबून आहेत.