प्रश्न विचारणारी मंडळी

तरुण संघाच्या बैठकीत आज एका मुलीनं उभं राहून विचारलं, "पाळकसाहेब, बायबलमध्ये लिहिलंय एवढ्यावर माझ्या मैत्रिणी ऐकून घेत नाहीत. मग मी त्यांना काय सांगू?" मागच्या बाकावरचे चर्चमधले दोघे वडील, म्हणजे ज्येष्ठ पुढारी, चुळबुळले. मला मात्र त्या पोरीचं कौतुक वाटलं. शंका मनात ठेवून गुपचूप चर्च सोडणारे कितीतरी असतात. ही निदान विचारते तरी आहे.

सगळ्या जगाचा अर्थ एकाच सूत्रात सांगणाऱ्या मोठमोठ्या, सर्वव्यापी कथनांवर लोकांचा विश्वास उरलेला नाही, असं लिओतार या फ्रेंच विचारवंतानं 1979 मध्येच लिहिलं होतं. आपण पुढारी मंडळी याला काळाचा दोष म्हणून मोकळे होतो. पण 2002 मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनमधली कॅथलिक चर्चची प्रकरणं बाहेर आली, मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना एका पॅरिशमधून, म्हणजे स्थानिक चर्चमधून, दुसरीकडे हलवलं गेल्याचं उघड झालं. त्यानंतर झग्याकडे पाहून कोणी मान तुकवत नसेल, तर बोट कोणाकडे दाखवायचं? हा अविश्वास नुसत्या पुस्तकांतून आलेला नाही.

म्हणून काही जण आवाज चढवतात, तर काही जण "ज्याचं त्याचं सत्य" म्हणत वधस्तंभ आणि पुनरुत्थानही बाजूला सारतात. मला दोन्ही पटत नाही. योहानाचा तेरावा अध्याय आज पुन्हा वाचला. पित्यानं सर्व काही आपल्या हाती दिलं आहे हे येशूला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असतानाच तो उठला, कंबरेला रुमाल बांधला, शिष्यांचे पाय धुऊ लागला. पेत्राला ते सहन होईना. येशूनं गुरुपद सोडलं नाही, नाकारलंही नाही; त्या पदाचं काय करायचं ते दाखवलं.

लेस्ली न्यूबिगिन दक्षिण भारतात बिशप होते. 1974 मध्ये ते ब्रिटनला परतले आणि तिथला समाजच मिशनक्षेत्र, म्हणजे सुवार्ता नव्यानं सांगण्याची जागा, झालाय हे त्यांच्या ध्यानात आलं. सुवार्तेवर विश्वास बसायचा तर तिच्याप्रमाणे जगणारी मंडळी लोकांना दिसली पाहिजे, असं ते सांगत. त्या मुलीला मी हेच सांगितलं: तुझ्या मैत्रिणींना आधी आपल्यात येऊन बसू दे, आपण भांडण कसं मिटवतो, आजाऱ्याकडे कोण जातं, हिशेब कसे ठेवतो ते पाहू दे.

चर्चमधल्या वडिलांना वाटतं, प्रश्नांना वाव दिला की शिस्त बिघडते. पण प्रेषितांची कृत्ये, पंधरावा अध्याय! यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी मोशेचं नियमशास्त्र पाळावं का, यावर यरुशलेमेत किती वाद झाला. पेत्र बोलला, बर्णबा आणि पौलाचं सगळ्यांनी ऐकून घेतलं, मग याकोबानं निर्णय दिला. 2023 च्या रोममधल्या कॅथलिक चर्चच्या सिनॉडमध्येही, म्हणजे धर्मसभेतही, बिशपांबरोबर सामान्य विश्वासणारे गोल टेबलांभोवती बसले आणि स्त्रियांना पहिल्यांदा मत देता आलं.

येत्या रविवारी उपदेशानंतर प्रश्नांना वेळ ठेवायचा, असं मी कमिटीपुढे मांडणार आहे. विरोध होईल. पहिला प्रश्न त्या मुलीनंच विचारावा, अशी माझी इच्छा आहे.