आमची वाटचाल : मेमरी कार्डापासून फिल्मपर्यंत

आम्ही बाइक राइडच्या व्हिडिओंचं एडिटिंग आणि रंगकाम करतो. सुरुवातीला आमच्याकडे यायचे ते मित्रच. लांबची राइड करून आलेले, खिशात मेमरी कार्डं आणि मागणी ठरलेली : वर-खाली काळ्या पट्ट्या टाक, रंग नारिंगी-निळा कर, झालं! मित्रांचे मित्र यायला लागले, मग अनोळखी लोक, आणि हौसेचा धंदा झाला. मागणी मात्र आजही साधारण तीच असते.

खरं घोडं अडतं ते शॉट एकमेकांशी जुळवताना. हेल्मेटवर ॲक्शन कॅमेरा, आकाशात ड्रोन, थांब्यावर मिररलेस कॅमेरा; एकाच वळणावरचं गवत एकात पोपटी, दुसऱ्यात करडं. त्यावर विकतचा लट (LUT, म्हणजे रंग बदलणारी तयार फाइल) चढवला की फरक झाकला जात नाही, उलट उठून दिसतो. म्हणून आम्ही डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आधी प्रत्येक कॅमेऱ्याचं लॉग फुटेज (नंतर रंग करता यावेत म्हणून मुद्दाम फिकं शूट केलेलं) एकाच कलर स्पेसमध्ये, म्हणजे रंगांच्या एकाच मोजपट्टीवर आणतो, मग एक्स्पोजर (उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून रंगाचा तोल), आणि 'लूक' अगदी शेवटी. यात डांबर फार कामाला येतं. भर दुपारचा रस्ता जवळजवळ राखाडी असतो, त्यामुळे आरजीबी परेडवर (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणाऱ्या आलेखावर) तिन्ही रंग तिथे एका पातळीत आणले की अर्धं काम उरकतं. संध्याकाळी मात्र डांबरावर आकाशाची निळाई उतरते, तेव्हा त्याच्यावर विसंबायचं नाही.

सूर्यास्तावर सगळ्यांचा जीव. पण ८ बिट व्हिडिओमध्ये प्रत्येक मूळ रंगाला (लाल, हिरवा, निळा) २५६ पायऱ्या मिळतात, १० बिटमध्ये १०२४. लॉगमध्ये ८ बिट शूट केलेलं आकाश जरा ताणलं की पट्टे पडतात, आणि ते आमच्याच माथी मारले जातात.

१८० अंशांच्या शटरचा नियम (प्रत्येक फ्रेमच्या निम्मा वेळ शटर उघडं) सगळ्यांना पाठ : सेकंदाला २४ फ्रेम असतील तर शटर साधारण १/५० सेकंद. ट्रायपॉडवर उत्तम. पण हँडलवरच्या कॅमेऱ्याचा धक्का नंतर स्टॅबिलायझेशनने (चित्र स्थिर करून) काढला, तरी फ्रेममधली धूसरता तशीच राहते. चित्र स्थिर आणि कडा थरथरत्या, असा विचित्र प्रकार होतो. अशा शॉटला आम्ही शटर जलदच ठेवायला सांगतो, मग नियम काही का म्हणेना.

आवाजासाठी वेगळा माणूस घेतला तेव्हा कुठे फिल्म्सना जान आली. वाऱ्याचा घोंघाट साफ करत बसण्यापेक्षा इंजिनाचा आवाज वेगळा घेतलेला परवडतो. पुढच्या शॉटचा आवाज आधी आत सोडला की कट खटकत नाही.

व्यवहाराचं म्हणाल, तर फिल्म किती मिनिटांची यावर आम्ही दर लावत नाही, फुटेज किती तासांचं यावर लावतो. छोट्या फिल्मसाठीही बघावं सगळंच लागतं. "रंग पिवळट वाटतोय" असा मेसेज रात्री आला, तर आधी फोनचा नाइट मोड बंद करायला सांगतो. बऱ्याचदा तक्रार तिथेच मिटते.

हल्ली राइडच्या आधीच बोलणं होतं. सेटिंग्जचा एक कागद देतो : व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, सगळ्या कॅमेऱ्यांची वेळ जुळवून घ्या, निघण्याआधी गाडी सुरू करतानाचा आवाज रेकॉर्ड करा, आणि रोज रात्री कार्डं दोन ड्राइव्हवर उतरवा. त्यातला शेवटचा मुद्दा लाल अक्षरात असतो.