तिहुआनाहून परतताना

२ फेब्रुवारी, फिनिक्स

वजनासाठी जठराचं ऑपरेशन करून घेणार आहे. त्याआधीच्या पातळ खाण्याचा आज सहावा दिवस. सकाळ-दुपार प्रोटीन शेक, संध्याकाळी भाज्या उकळून गाळलेलं पाणी आणि ताक. हे पातळ खाणं वजनासाठी नाही, यकृतासाठी आहे. माझ्यासारख्यांचं यकृत चरबीनं फुगलेलं असतं आणि ऑपरेशनच्या वेळी जठरावर आडवं येतं. दोनेक आठवडे साखर आणि पिठाचं बंद ठेवलं की ते आक्रसतं, सर्जनला खालचं नीट दिसतं. हे कळल्यापासून भूक सोसणं जरा सोपं झालंय.

वजन १०८ किलो, उंची पाच फूट दोन इंच. मधुमेहाला अकरा वर्षं झाली. रात्री नाकाला मशीन लावून झोपते, नाहीतर झोपेत श्वास अडतो. पंचविशीपासून मी वजन उतरवतेय. तीनदा पंधरा-पंधरा किलो उतरवलं आणि तिन्ही वेळा ते वर चार-पाच किलो घेऊन परत आलं. मी आळशी नव्हते. हे वाक्य मला वीस वर्षांत कुणापुढे धड म्हणता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

नवऱ्याच्या कंपनीच्या इन्शुरन्समध्ये हे ऑपरेशन बसत नाही. स्वखर्चानं इथे अमेरिकेत करायचं तर मला वीस हजार डॉलरच्या पुढचा आकडा सांगितला. सरहद्दीपलीकडे मेक्सिकोतल्या तिहुआनात साडेपाच हजार, हॉटेल आणि गाडीसकट. बहीण पुण्यात कर म्हणत होती, आणि पुण्यात चांगले सर्जन आहेतच. पण ऑपरेशननंतर पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती असते; त्यात मला वीस-बावीस तास विमानात बसून यायचं नव्हतं. आणि पुण्यात दुसऱ्या दिवसापासून भेटायला माणसं आली असती. त्यांच्या नजरा मला नको होत्या.

काल रात्री परत ती जुनी सूचना उघडून वाचली. २०१९ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे रोगनियंत्रणाच्या सरकारी संस्थेनं, सांगितलं होतं की तिहुआनात ऑपरेशन करून आलेल्या काही जणांना औषधांना दाद न देणाऱ्या स्युडोमोनास जंतूची लागण झाली. त्यात बहुतेक वजनाचीच ऑपरेशनं होती. मी निवडलेल्या हॉस्पिटलला उपकरणांच्या निर्जंतुकीकरणाबद्दल तीनदा विचारलं, सर्जनची नोंदणी तपासली, तिथून आलेल्या दोघींशी तासतासभर बोलले. एवढं सगळं केलं, आणि आमच्या इथल्या डॉक्टरबाईंना मात्र सांगितलं नाही. त्या नको म्हणतील म्हणून.

१० फेब्रुवारी, तिहुआना

सॅन डिएगोहून हॉस्पिटलची गाडी न्यायला आली. सान इसिद्रोच्या नाक्यावरून मेक्सिकोत शिरायला काही मिनिटंच लागली. भारतीय पासपोर्ट असला तरी ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे वेगळा व्हिसा लागला नाही. झोना रिओ भागात दातांचे दवाखाने, फार्मसी, सगळ्या पाट्या इंग्रजीत. बाहेर बसायच्या खोलीत आम्ही पाचजणी. एक टेक्सासची, एक ओरेगनमध्ये शाळेची बस चालवणारी. सगळ्यांच्या मांडीवर फाइल आणि सगळ्यांचा आवाज खाली. घरी कुणाकुणाला सांगितलंय, हे आम्ही एकमेकींना विचारलं. टेक्सासच्या बाईंनी फक्त मुलीला सांगितलं होतं.

सर्जननी कागदावर जठर काढून दाखवलं. पाऊण भागाहून जास्त कापून काढणार, उरेल ती केळ्यासारखी लांबट नळी. जो वरचा फुगीर भाग जातो, तिथेच भूक जागवणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन बरंचसं तयार होतं. ‘हे परत जोडता येत नाही,’ असं त्यांनी दोनदा सांगितलं. मग विचारलं, घरी तुमचे डॉक्टर आहेत ना? मी हो म्हणाले. खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं.

१२ फेब्रुवारी

काल झालं. पोटावर पाच भोकं. पोटापेक्षा उजवा खांदा जास्त दुखतोय. दुर्बिणीसाठी पोटात जो कार्बन डायऑक्साइड भरतात, तो राहिला की खांद्यात कळ येते म्हणे. त्याला उपाय एकच, चालणं. सलाईनचा स्टँड ढकलत कॉरिडॉरच्या सतरा फेऱ्या मारल्या. नर्सबाई बरोबर चालत होत्या आणि ‘पोको आ पोको’ म्हणत होत्या, हळूहळू.

सकाळी एक्स-रेच्या मशीनपुढे उभं करून एक कडवट औषध प्यायला दिलं. पडद्यावर पांढरी रेघ खाली सरकताना पाहिली. टाके कुठे गळत नाहीत, हे ठरल्यावरच पाणी. औषधाच्या छोट्या कपात तीस मिलिलिटर, तेही अर्ध्या तासात संपवायचं.

तीनदा चिकनचं पाणी आलं, तीनदा परत पाठवलं. इथली जेलीही जिलेटिनची. माझं शाकाहारी असणं त्यांच्या कागदावर होतं, स्वयंपाकघरापर्यंत पोचलं नव्हतं. चौथ्या वेळी त्याच नर्सबाईंनी मान्सानियाचा, म्हणजे कॅमोमाइलच्या फुलांचा चहा आणला. कोमट, बिनसाखरेचा, किंचित गवताच्या वासाचा. तो घोट छातीखालून उतरताना मला जाणवत होता.

१४ फेब्रुवारी, परतीचा रस्ता

येताना नाक्यावर गाड्यांची रांग संपता संपत नव्हती. रुग्णांसाठी वेगळी लेन आहे, हॉस्पिटलनं तिचा पास दिला होता, तरी पाऊण तास गेला. काचेपलीकडे चुरोस, ब्लँकेटं, रंगवलेले पुतळे विकणारी माणसं. चुरोसचा तळणीचा वास आत आला आणि पोटातून काहीच हललं नाही. मी नवऱ्याचा हात धरला. इतकी शांतता मला माझ्या पोटात आठवतच नाही.

सॅन डिएगो ते फिनिक्स साडेपाच तासांचा रस्ता, आम्हाला आठ लागले. पायात घट्ट मोजे, दर तासाला थांबून दहा मिनिटं चालायचं. दगडांच्या राशींचा घाट उतरलो, वाळूच्या टेकड्या मागे पडल्या, युमा गेलं. मग डेटलँड. तिथे खजुराची बाग आहे आणि खजूर घालून केलेला मिल्कशेक मिळतो. दर सहलीला आम्ही तो प्यायचो. आज लेक एकटाच घेऊन आला आणि गाडीमागे लपून प्यायला लागला. बारा वर्षांचं पोर माझ्यासाठी लपून पितंय हे पाहून गलबलून आलं. त्याला हाक मारली, माझ्याशेजारी उभं राहून पी म्हटलं. झाडांखालून एक फेरी आम्ही मिळून मारली.

२० फेब्रुवारी

काल दुपारी उठले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. नाडी १२८. लघवी सकाळपासून जेमतेम एकदा, गडद पिवळी. दिवसाला दीड लिटर पाणी प्यायचं होतं, मी चारशे मिलिलिटरवर अडकले होते. घोट घेतला की छाती भरून यायची, म्हणून टाळत गेले.

तिहुआनाला फोन केला. त्यांनी लगेच उचलला, नीट विचारपूस केली आणि जवळच्या दवाखान्यात जा म्हणाले. फोनवरून सलाईन लावता येत नाही. इथल्या एका बॅरिएट्रिक, म्हणजे वजनाची ऑपरेशनं करणाऱ्या, सर्जनच्या ऑफिसात विचारलं तर उत्तर आलं, बाहेर ऑपरेशन केलेले पेशंट आम्ही घेत नाही. राग आला, रडूही आलं. शेवटी इमर्जन्सीत गेलो. तिथे ऑपरेशनचे कागद मागितले. माझ्याजवळ दोन पानं, दोन्ही स्पॅनिश. कितवा दिवस, काय कापलंय, कुठली औषधं चालू आहेत, हे सगळं मी चक्कर येत असताना तोंडानं सांगत बसले. सीटी स्कॅन झाला, गळती नव्हती. दोन बाटल्या सलाईननं नाडी खाली आली.

आज सकाळी डॉक्टरबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘मला आधी सांगितलं असतंत तर मी रक्ततपासण्या आखून ठेवल्या असत्या, तुमची शुगरची औषधं कमी केली असती.’ नको त्या कदाचित म्हणाल्याही असत्या, पण मला सोडलं नसतं. ऑपरेशन परदेशात होतं आणि चार दिवसांत संपतं. त्यानंतरची सगळी वर्षं इथल्याच डॉक्टरकडे काढायची असतात. त्यांना सांगायला मी कचरले, ही या सगळ्यातली माझी सगळ्यात मोठी चूक. तिहुआनातून पूर्ण अहवाल इंग्रजीत मागवलाय.

२८ फेब्रुवारी

आज पातळ सोडून पहिलं दाट अन्न. मुगाची डाळ गिच्च शिजवून, मिक्सरमधून काढून, हिंग-मिठाची. घरातल्या सगळ्या वाट्या मोठ्या वाटल्या. मग कपाटातून लेकाच्या उष्टावणाची चांदीची वाटी काढली, तोच छोटा चमचा. चिंच लावून घासली. चार चमच्यांना वीस मिनिटं लागली, पाचव्याला शिंक आली आणि थांबले. शिंक, उचकी, नाक गळणं, काहीतरी खूण शरीर करतंच म्हणतात. पाणी जेवणाआधी नाही, नंतर अर्धा तास नाही.

लेक म्हणाला, ही तर माझी वाटी. मी म्हटलं, काही महिने मला दे.

९ मे

८७ किलो. मधुमेहाचं मेटफॉर्मिन डॉक्टरबाईंनी थांबवलं. मशीन अजून लावते, झोपेची तपासणी पुढच्या महिन्यात. केस मात्र मूठमूठ जातायत, न्हाणीघरातल्या जाळीत गुंता साचतो. शरीराला धक्का बसला की तीनेक महिन्यांनी असं होतं आणि पुढे परत येतात, असं त्या म्हणाल्या. प्रोटीन साठ ग्रॅमच्या खाली जाऊ द्यायचं नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व जन्मभर.

आज आईला सांगितलं. व्हिडिओवर ती केव्हापासून ‘तोंड उतरलंय गं तुझं’ म्हणत होती. सगळं ऐकून तिनं साताऱ्याच्या घरातला फोन खाली ठेवला; मला बराच वेळ नुसतं छत दिसत होतं. परत समोर आली तेव्हा डोळे पुसलेले होते. ‘पोट कापून घेतलंस आणि मला पत्ता नाही,’ म्हणाली. मी माफी मागितली. मग तिनं विचारलं, प्रोटीन म्हणजे हुलग्यात असतं का? असतं म्हटल्यावर माडग्याची कृती सांगायला बसली. हुलगे मंद आचेवर भाज, खमंग वास येईतो. दळून चाळून घे. पाण्यात कालवून उकळ, गुठळी होऊ देऊ नको. गूळ तुला चालत नसेल तर मीठ-जिरं घाल.

इंडियन स्टोअरमधून हुलगे आणले. मिक्सरवर नीट बारीक होईनात, दोनदा चाळले. उष्टावणाच्या वाटीत घेतलं, सात चमचे गेलं.