लेबलवर ७.४, कॉलममध्ये ८

जे प्रोटीन कॉलममधून (प्रोटीनं वेगळी करायच्या, रेझिनचे बारीक मणी भरलेल्या नळीतून) सरळ वाहून जायला हवं होतं, ते त्या दिवशी वरच अडकून बसलं. कॉलम धनप्रभारित क्यू रेझिनचा, प्रोटीनचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट, म्हणजे ज्या पीएचला त्यावरचा निव्वळ प्रभार शून्य असतो तो, ७.७ च्या आसपास. ७.४ पीएचला त्यावर निव्वळ धनप्रभार, म्हणजे चिकटायचं कारणच नाही. मीठ कमी पडलं का, रेझिन नीट धुतलं होतं का, सगळं तपासून झालं. बफरवर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणावर, मात्र कुणाचाच संशय जाईना. बाटलीवर स्वच्छ लिहिलेलं: ट्रिस, ५० मिलिमोलर, पीएच ७.४.

आणि गणितही बरोबर होतं, पण २५ अंश सेल्सिअसचं. कॉलम चालला कोल्ड रूममध्ये, ४ अंशांना.

ट्रिसचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्याचं आम्लरूप आणि आम्लारीरूप समसमान असतं तो, २५ अंशांना ८.०६. तापमान एका अंशाने उतरलं की तो सुमारे ०.०२८ ने चढतो. २१ अंशांचे झाले ०.५९, म्हणजे ८.६५. बाटलीतलं आम्लरूप आणि आम्लारीरूप यांचं गुणोत्तर तेच राहतं, म्हणून पीएचही तेवढाच वर जातो: जवळजवळ ८. प्रोटीनचा प्रभार उलटला आणि ते चिकटलं.

४ अंशांना ७.४ हवा असेल तर हेंडरसन-हॅसेलबाल्क समीकरणात (पीएच = पीकेए + लॉग(आम्लारीरूप/आम्लरूप)) पीकेए म्हणून ८.६५ घालायचा. ७.४ वजा ८.६५ म्हणजे उणे १.२५, गुणोत्तर ०.०५६, ९४.७ टक्के ट्रिस आम्लरूपात. एका लिटरला ६.०६ ग्रॅम ट्रिस आणि १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ४७.३ मिलि. २५ अंशांच्या हिशेबाने तेच आम्ल ४१ मिलि येतं. सगळा घोळ या सहा मिलिंचा.

‘मीटरला तापमान-भरपाई आहे ना?’ हे ऐकलं की वैताग येतो. ती भरपाई इलेक्ट्रोडच्या उताराची: २५ अंशांना एका पीएच एककामागे ५९.२ मिलिव्होल्ट, ४ अंशांना ५५. द्रावणाचा पीएच थंडीत किती सरकेल, हे मीटरला कळत नाही. बफर आधी थंड करावं, मीटरही थंड प्रमाण-बफरवरच लावावा. २५ अंशांना ६.८६ असलेलं फॉस्फेट प्रमाण-बफर ५ अंशांना ६.९५ दाखवतं. लेबलवर पीएचशेजारी तापमान न लिहिण्याची सवय मला अक्षम्य वाटते.

पण एक गोष्ट अजून डोक्यात घोळते आहे. पीकेएपासून सव्वा एकक दूर ट्रिसची बफरक्षमता कितीशी उरते? ५० मिलिमोलरमध्ये आम्लारीरूप जेमतेम २.७ मिलिमोलर, नमुन्यासोबत थोडं आम्ल आलं की पीएच घसरलाच. फॉस्फेट तापमानाला स्थिर, पण ऋणायन असल्याने याच रेझिनवर प्रोटीनशी जागेसाठी भांडेल. इमिडाझोलचा पीकेए २५ अंशांना ७ च्या आसपास आणि ४ अंशांना साधारण ७.४. पुढचा कॉलम त्यावर लावतो आहे.