शेवटचा प्रयोग, मग नवा अल्बम

आज रविवार. समोर इस्त्रीचा ढीग, दार लावून घेतलं आणि सॉफ्ट सेल या ब्रिटिश पॉप जोडीचा 'हॅपिनेस नॉट इन्क्लुडेड' लावला. अल्बम 2022चा, मी ऐकतेय आत्ता. पण आधीच्या अल्बमनंतर त्यांनीच वीस वर्षं लावली, मग मला कोण बोलणार!

बहुतेकांना ही जोडी एका गाण्यापुरतीच ठाऊक: 'टेन्टेड लव्ह', 1981. तेही मुळात त्यांचं नाही, ग्लोरिया जोन्सने साठच्या दशकात गायलेलं. लीड्सला शिकताना भेटलेले दोघे. मार्क आल्मंड गाणार, डेव्ह बॉल सिंथवर, म्हणजे सिंथेसायझरवर. 2018मध्ये लंडनच्या ओटू या मोठ्या सभागृहात 'हा शेवटचाच' म्हणून कार्यक्रम झाला आणि मग हा अल्बम. आपल्याकडच्या नाटकांचे 'शेवटचे काही प्रयोग' आठवले.

'पर्पल झोन' या गाण्यात पेट शॉप बॉईज ही दुसरी ब्रिटिश पॉप जोडी सोबतीला आहे. गाणं सुरू झालं तेव्हा मी शर्टाच्या कॉलरवर होते. सिंथ घुमला आणि हात तिथेच थांबला. कॉलरवर आता छान बदामी ठसा आहे.

आल्मंडचा आवाज वयाने जड झालाय, यंत्राचा ठोका मात्र तसाच कोरडा, टकटकीत. मला ही विजोड जोडीच आवडली. मधली दोन गाणी उगाच ताणलीत, ती सरळ पुढे ढकलली. बॉल 2025च्या ऑक्टोबरात गेला, हे मध्येच आठवलं आणि पुढचा शर्ट जरा वेळाने उचलला.

लेकीने डोकावून विचारलं, "आई, हे जुनं आहे की नवीन?"

"दोन्ही."

नवरा उद्याचा शर्ट शोधतोय. अजून सांगितलेलं नाही.